सजग स्वप्न

स्वप्न चालू असतानाच, जाग न येता, ‘हे स्वप्न आहे’ असे भान येणे म्हणजे सजग स्वप्न. ‘ल्युसिड ड्रीम’ ही संज्ञा डच मनोविकारतज्ज्ञ फ्रेडरिक व्हान ईडेन यांच्या १९१३ मधील निबंधामुळे रूढ झाली. भान आले की स्वप्न हवे तसे वळवता येतेच असे नाही. पुष्कळदा नुसते कळते आणि स्वप्न आपल्या वाटेने पुढे जाते. नवशिक्याने उडण्याचे वेध लावून घेण्याआधी हे समजून घेतलेले बरे. २०१६ मध्ये अनेक सर्वेक्षणांच्या एकत्रित आढाव्यात सुमारे ५५ टक्के लोकांनी आयुष्यात एकदा तरी असे स्वप्न पडल्याचे सांगितले होते.

झोपेतल्या या भानाची नोंद अ‍ॅरिस्टॉटलनेही केली आहे. तिबेटी बौद्ध परंपरेत नारोपा या सिद्धाच्या सहा योगांमध्ये स्वप्नयोग येतो. पतंजलीच्या योगसूत्रांत स्वप्न व निद्रेतील ज्ञानाचा आधार घेऊन चित्त स्थिर करण्याचा उल्लेख आहे (१.३८), पण स्वप्नात भान कसे आणावे याची कृती तिथे नाही.

शास्त्रज्ञांना मात्र बराच काळ हे पटत नव्हते. अशी माणसे क्षणभर जागी होत असावीत, असा त्यांचा कयास होता. पुरावा मिळाला तो डोळ्यांच्या हालचालींतून. रेम झोपेत, म्हणजे बंद डोळे झपाट्याने हलतात आणि ठळक स्वप्ने पडतात त्या टप्प्यात, शरीराचे बहुतेक स्नायू लुळे पडतात, डोळ्यांचे मात्र चालू राहतात. एप्रिल १९७५ मध्ये इंग्लंडमधील हल विद्यापीठात कीथ हर्न यांच्या प्रयोगात अ‍ॅलन वर्स्ली यांनी स्वप्नात भान येताच, आधी ठरल्याप्रमाणे, डोळे डावी-उजवीकडे फिरवले. यंत्रावर ती खूण उमटली आणि त्याच वेळी मेंदूचा आलेख रेम झोपच दाखवत होता. पुढे स्टॅनफर्डमध्ये स्टीफन लाबर्ज यांनी स्वतंत्रपणे हेच सिद्ध केले. २०२१ मध्ये चार देशांतील प्रयोगशाळांनी तर झोपलेल्यांना प्रश्न विचारले. ‘आठातून सहा गेले किती?’ याला एका तरुणाने डोळे दोनदा फिरवून उत्तर दिले.

शिकणाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत उपयोगाची माहिती झोपेच्या वेळापत्रकाची आहे. झोपेचे एक चक्र साधारण ९० मिनिटांचे असते आणि पहाटेकडे रेमचे टप्पे लांबत जातात. म्हणून रात्री अंथरुणाला पाठ टेकताच केलेली खटपट सहसा वाया जाते; खरी संधी शेवटच्या दोन-तीन तासांत असते.

पहिली पायरी स्वप्नवही. जाग आल्यावर कूस न बदलता, डोळे मिटूनच, आत्ता काय चालले होते ते आठवायचे आणि मग लगेच लिहायचे. एखादा चेहरा किंवा नुसती धास्ती उरली असेल तरी ती लिहावी. काही आठवड्यांत त्याच त्या गोष्टी वर येऊ लागतात: चुकलेली गाडी, न झालेला अभ्यास, जुने घर. या आपल्या खुणा. अनेक जण वहीचा कंटाळा करून थेट युक्त्यांकडे वळतात; पण स्वप्नच आठवत नसेल, तर त्यात भान आले होते की नाही हेही कळणार नाही.

दुसरी सवय दिवसा पारख करण्याची. चिमटा काढून पाहणे फारसे भरवशाचे नाही, कारण स्वप्नातही तो लागल्यासारखा वाटू शकतो. त्यापेक्षा नाक दाबून, तोंड मिटून श्वास घेऊन पाहावा; स्वप्नात तो बहुधा आत जातो. पाटीवरची अक्षरे वाचून नजर वळवावी आणि पुन्हा वाचावी. स्वप्नात ती बदलतात. हे यंत्रवत केले तर व्यर्थ आहे. ‘मी आत्ता झोपेत तर नाही?’ ही शंका मनापासून यायला हवी.

लाबर्ज यांची ‘माइल्ड’ पद्धत स्मरणावर उभी आहे. पाचेक तास झोपल्यावर गजर लावून उठायचे, थोडा वेळ जागे राहायचे आणि पुन्हा आडवे होताना मनात घोळवायचे: ‘पुढच्या वेळी स्वप्न पडेल तेव्हा ते स्वप्न आहे हे माझ्या लक्षात येईल.’ सोबत नुकतेच पडलेले स्वप्न डोळ्यांसमोर आणून, त्यातली खूण दिसताच आपण ती ओळखली असे कल्पायचे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात पारख, मधली जाग आणि माइल्ड एकत्र केलेल्यांना सुमारे १७ टक्के रात्री यश आले. माइल्ड संपवून पाच मिनिटांत झोप लागलेल्यांच्या यशाचे प्रमाण याहून बरेच जास्त होते.

पहिल्या वेळी आनंदाच्या भरात जाग येते, हा सार्वत्रिक अनुभव आहे. तेव्हा शांत राहून स्वप्नातले तळहात एकमेकांवर चोळावेत, आजूबाजूचे काही न्याहाळावे. दुःस्वप्नांनी छळलेल्यांसाठी या विद्येचे मोल खरोखर मोठे आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ पॉल थोलाय यांचा सल्ला असा, की पाठलाग करणाऱ्यापासून पळू नये. वळून त्याच्याशी बोलावे.

मधल्या जागेनंतर कधी मन जागे आणि शरीर जखडलेले अशी निद्रा-पक्षाघाताची अवस्था येते. ती भयंकर वाटते, पण थोड्या वेळात आपोआप ओसरते. गजर रोज लावू नये. दुसऱ्या दिवशी उशिरापर्यंत झोपता येईल अशा रात्रीच लावावा. स्किझोफ्रेनियासारखा आजार असलेल्यांनी किंवा जागेपणीच वास्तव-अवास्तवाची गल्लत होणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा अभ्यास सुरू करू नये.