तांबडा समुद्र आणि केळीचं पोटॅश

रावेर-यावलच्या केळीत झाडामागे 200 ग्रॅम पालाश (पोटॅश हे अन्नद्रव्य) धरलं, तर म्युरेट ऑफ पोटॅश हे खत लागतं सुमारे 333 ग्रॅम, कारण त्यात पालाश 60 टक्केच. दीड बाय दीड मीटरवर एकरी 1,800 झाडं बसतात. हिशेब 600 किलोचा, म्हणजे 12 गोण्यांचा. हे खत जवळजवळ सगळं बाहेरून येतं. कॅनडा, रशिया, बेलारूस यांच्यासोबत जॉर्डन आणि इस्रायलही ते विकतात. या शेवटच्या दोघांचा माल मृत समुद्रातला. आशियाकडे येताना तो अकाबा किंवा एलात या शेजारशेजारच्या बंदरांतून निघतो आणि पुढे त्याला तांबड्या समुद्राची दोन दारं ओलांडावी लागतात.

पहिलं दार तिरानची सामुद्रधुनी, अकाबाच्या आखाताच्या तोंडाशी. मे 1967 मध्ये इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष नासर यांनी ती इस्रायली जहाजांना बंद केली आणि जूनमध्ये युद्ध पेटलं. सुएझ कालवा त्यानंतर 5 जून 1975 पर्यंत बंदच होता. 1979 च्या इजिप्त-इस्रायल करारात तिरानमधून मुक्त वाहतूक मान्य झाली, तेव्हापासून हे दार तुलनेनं शांत आहे.

खरी कटकट दक्षिणेच्या दाराची, बाब-एल-मंदेब सामुद्रधुनीची. रुंदी जेमतेम 30 किलोमीटर, त्यात पेरिम बेट मध्येच. खानदेशी कापूस मुंबईहून विलायतेला जायचा त्या काळापासून या वाटेवर पहारा आहे. इंग्रजांनी 1839 मध्ये एडन घेतलं (कारभार कित्येक दशकं मुंबईतून चाले), 1857 मध्ये पेरिम. 1869 ला सुएझ उघडला आणि आफ्रिकेचा वळसा सुटला. नोव्हेंबर 1967 मध्ये इंग्रज एडनहून गेले. पुढे एडन ज्यात येतं तो येमेनच दुभंगलेला राहिला. 2014 मध्ये हुती या बंडखोर गटानं राजधानी साना घेतली, पुढच्या वर्षी सौदी आघाडी युद्धात उतरली, पण तांबड्या समुद्रावरचं होदेदा बंदर हुतींकडेच राहिलं. क्षेपणास्त्रं आणि ड्रोन या किनाऱ्यावरून जहाजांपर्यंत सहज पोचतात.

19 नोव्हेंबर 2023 ला हेलिकॉप्टरमधून उतरून हुतींनी गॅलॅक्सी लीडर हे जहाज पळवलं. फेब्रुवारी 2024 मध्ये खतानं भरलेल्या रुबीमार जहाजावर मारा झाला. 2 मार्चला ते सुमारे 21 हजार टन खतासह बुडालं. अमेरिकेचं आणि युरोपचं आरमार आलं, आपल्या नौदलानंही एडनच्या आखातात गस्त वाढवली. तरी बहुतेक मोठ्या जहाज कंपन्यांनी आफ्रिकेचा वळसाच पसंत केला, कारण युद्धजोखमीचा विमा जहाजाच्या किमतीच्या 1 टक्क्यापर्यंत गेला होता. 5 कोटी डॉलरच्या जहाजाला एका फेरीचे 5 लाख डॉलर!

युरोपकडून येणाऱ्या जहाजाला केप ऑफ गुड होपचा वळसा 10 ते 14 दिवस जास्त लावतो. अकाबाच्या मालाचं दुखणं वेगळंच. बाब-एल-मंदेब टाळायचं तर आधी उलटं उत्तरेला, सुएझमधून भूमध्यात, मग अख्खी आफ्रिका. एलातचं कामकाज तर जवळपास थांबलंच.

इकडे पोटॅश उशिरा पडलं की जुन्या पानांच्या कडा पिवळ्या पडून करपतात आणि फण्या भरत नाहीत. निसवणीनंतर, म्हणजे घड बाहेर पडल्यावर, टाकलेलं पोटॅश आधीची उणीव पूर्ण भरून काढत नाही.