महाधमनीचे पदर सुटतात तेव्हा

रावेर-सावद्याच्या पट्ट्यात केळीचा घड उतरवल्यावर मागे उरलेला खांब कोयत्याने आडवा छाटला, की आत एकात एक बसलेली वर्तुळे दिसतात. बाहेरून भरीव वाटणारा हा खांब म्हणजे एकमेकांना बिलगलेले पापुद्रे असतात, आणि कापलेल्या कडेत अंगठा खुपसून ओढले तर दोन पापुद्र्यांमधली फट हातभर खाली सहज उतरत जाते. हृदयातून निघून छातीत कमानीसारखी वळणारी आणि पाठीच्या कण्याला लागून पोटात उतरणारी महाधमनीही अशीच पदरांची नळी आहे. तिचा आतला पदर अस्तरासारखा नाजूक, मधला स्नायूंचा व लवचीक तंतूंचा आणि बाहेरचा चिवट असतो. मिनिटाला सुमारे 5 लिटर रक्त या नळीतून जाते, आणि दिवसभरात सुमारे 1 लाख वेळा तिला हृदयाचा धक्का सोसावा लागतो.

या नळीला दोन प्रकारांनी दगा होतो. एकात भिंत कमजोर होऊन फुगते, त्याला डॉक्टर ॲन्युरिझम म्हणतात. दुसऱ्यात आतल्या अस्तराला चीर पडून रक्त मधल्या पदरात घुसते आणि पदर सुटत जातात, ते डिसेक्शन.

फुगवटा बहुधा पोटात, मूत्रपिंडांच्या धमन्यांच्या खाली येतो आणि वर्षानुवर्षे काहीच जाणवू देत नाही. तिथे महाधमनीची रुंदी साधारण 2 सेंटिमीटर असते. ती 3 सेंटिमीटरवर गेली की फुगवटा म्हणायचे, आणि पुरुषांत 5.5 सेंटिमीटरला पोहोचली की दुरुस्तीचा विचार करायचा, असा जगभरचा शिरस्ता आहे. स्त्रियांसाठी ही मर्यादा थोडी कमी धरतात. सायकलच्या ट्यूबला एका जागी फुगा आला, की पुढची हवा तिथेच जास्त ताण देते. नळीची रुंदी जितकी वाढेल तितका तोच दाब भिंतीवर अधिक ताण आणतो, त्यामुळे मोठा फुगवटा लहानापेक्षा लवकर वाढतो आणि लवकर फुटतो. विडी-सिगारेट, वाढते वय, रक्तदाब आणि घरात कोणाला हा आजार असणे ही त्यामागची मुख्य कारणे आहेत.

खानदेशच्या उन्हात मुतखड्याची तक्रार घरोघरी ऐकू येते, आणि कळ आली की सोनोग्राफी होतेच. असा फुगवटा पुष्कळदा या तपासणीत, खडा शोधताना, अचानक सापडतो. त्याची उलटी बाजू मात्र घातक आहे. फुटू लागलेल्या फुगवट्याची कळ बरगडीखालून कमरेत आणि जांघेत उतरते, हुबेहूब मुतखड्यासारखी. साठीच्या पुढच्या, विडी ओढणाऱ्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदाच 'मुतखडा' झाला असेल, तर खड्याआधी महाधमनी पाहावी, हे मी तरी आग्रहाने सांगेन.

डिसेक्शनचे दुखणे वेगळ्या नावाखाली लपते. थंडीच्या दिवसांत आणि सकाळच्या प्रहरी ते अधिक आढळते, हे अनेक देशांतील नोंदींतून दिसले आहे. पौषातल्या पहाटे केळीच्या बागेत मोटर सुरू करायला गेलेल्या, रक्तदाबाची गोळी मध्येच सोडून दिलेल्या पन्नाशीच्या माणसाची कल्पना करा. छातीत काहीतरी फाटल्यासारखी कळ येते, पहिल्या क्षणापासूनच टोकाची, आणि पाहता पाहता दोन खांद्यांच्या मध्ये पाठीत सरकते. हृदयविकाराचा झटका बहुतेकदा हळूहळू वाढत जातो, ही कळ मात्र आल्या आल्या कळस गाठते. घरचे गॅस म्हणतात आणि दवाखान्यात झटका समजला जातो. झटक्यात जीव वाचवणारे रक्ताची गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन इथे जिवावर उठू शकते. म्हणून संशय येताच दोन्ही हातांचा रक्तदाब मोजावा. 20 मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर संशय बळावतो, मात्र फरक नसला म्हणून आजार नाही असे धरता येत नाही. खरा निकाल शिरेतून औषध सोडून केलेल्या सीटी स्कॅनमध्ये लागतो.

पदर कोणत्या भागात सुटले आहेत, यावर पुढचे सारे ठरते. स्टॅनफर्ड येथील शल्यचिकित्सकांनी 1970 मध्ये केलेली विभागणी आजही वापरात आहे. हृदयातून वर जाणारा भाग त्यात सापडला तर 'ए' प्रकार, नाहीतर 'बी'. ए प्रकारात पहिल्या दोन दिवसांत दर तासाला मृत्यूचा धोका 1 ते 2 टक्क्यांनी वाढतो, असे पूर्वीपासून मानले जाते. धुळ्याहून नाशिक दीडशे किलोमीटरच्या पुढे, जळगावहून त्याहून लांब. म्हणून निदान रुग्णवाहिका निघण्याआधी आपल्याच जिल्ह्यात व्हायला हवे, आणि वाटेतच रक्तदाब व नाडी आटोक्यात आणणारी औषधे सुरू असायला हवीत. वरचा दाब 100 ते 120 आणि नाडी 60 च्या खाली, हे लक्ष्य असते. आधी नाडी उतरवतात, मग दाब. नाडी आधी का, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. रात्री वीज आल्यावर मोटर एकदम सुरू झाली, की पाण्याच्या पहिल्या धक्क्याने जुना पाइप फाटतो. धक्क्याची धार कमी करायची, मग दाब.

ए प्रकारात छाती उघडूनच दुरुस्ती करावी लागते. रक्त हृदय-फुप्फुस यंत्रातून फिरवून शरीर थंड करतात, कमानीवर काम करण्यासाठी रक्ताभिसरण काही मिनिटे थांबवतात, आणि तेवढ्या वेळात मेंदूला काखेजवळच्या धमनीतून वेगळे रक्त पुरवतात. चिरलेला भाग कापून तिथे डेक्रॉनची नळी शिवली जाते. डेक्रॉन म्हणजे आपल्या टेरिलीनच्या शर्टचेच पॉलिस्टर. ह्यूस्टनचे शल्यचिकित्सक मायकेल डीबेकी यांनी 1950 च्या दशकात अशा नळ्या घरच्या शिलाई मशीनवर शिवल्या होत्या. पुढे 97 व्या वर्षी त्यांच्याच महाधमनीचे पदर सुटले, 2006 मध्ये त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली, आणि ते 2008 पर्यंत जगले.

बी प्रकार अनेकदा औषधांवर स्थिरावतो. आतडी, मूत्रपिंड किंवा पायांचा रक्तपुरवठा तुटला अथवा भिंत फुटू लागली, तर जांघेतल्या धमनीतून स्टेंट-ग्राफ्ट, म्हणजे कापड चढवलेली धातूची जाळीदार नळी, मिटलेल्या छत्रीसारखी आत सरकवतात. जाळी बहुधा निकेल-टायटॅनियमच्या मिश्रधातूची असते. आवरण मागे ओढले की ती आपोआप उघडते, चिरेचे तोंड झाकते, रक्त खऱ्या मार्गाने वाहू लागते आणि सुटलेल्या पदरांमधल्या खोट्या पोकळीत ते गोठते. खारकीव्हमध्ये निकोलाय व्होलोडोस यांनी 1987 मध्ये छातीतील, तर ब्यूनस आयर्समध्ये हुआन पारोदी यांनी 1990 मध्ये पोटातील महाधमनी या वाटेने दुरुस्त केली. मोठा छेद नाही, चार-पाच दिवसांत घरी, त्यामुळे रुग्णाला हाच मार्ग हवासा वाटतो. पण हृदयाजवळच्या भागात हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांची तोंडे असतात, तिथे स्टेंट टेकायला जागा पुरत नाही. छातीत लांब पल्ला झाकला, तर मज्जारज्जूच्या बारीक धमन्या बंद होऊन पाय लुळे पडण्याचा धोकाही राहतो.

फुगवट्यासाठी बसवलेल्या स्टेंटच्या कडेने किंवा मागच्या फांद्यांतून रक्त पुन्हा फुगवट्यात झिरपू शकते, आणि ते रुग्णाला जाणवत नाही. म्हणून एक महिन्याने आणि पुढे दरवर्षी सीटी किंवा सोनोग्राफी करून घ्यावी लागते, केळीची काढणी ऐन भरात असली तरी.