सोव्हिएत घरं आणि नातवंडांची पिढी

सोव्हिएत काळात घर बहुधा विकत घेतलं जात नसे, ते 'मिळत' असे. कारखान्याच्या किंवा नगरपालिकेच्या यादीत नाव लावायचं आणि नंबर लागायची वाट पाहायची. मॉस्कोत राहायचं तर 'प्रोपिस्का', म्हणजे रहिवासाची सरकारी नोंद लागे. भाडं सगळीकडे नाममात्रच. आर्क्टिक वृत्तापलीकडच्या व्होर्कुता या कोळशाच्या शहरात तर पगार जास्त म्हणून लोक आपणहून जात.

जुलै 1991 मध्ये रशियात कायदा झाला: राहता फ्लॅट फुकटात तुमच्या नावावर. याहून समान वाटप कुठलं, असं तेव्हा कुणालाही वाटलं असतं. पण मग बाजार आला. मॉस्कोतल्या फ्लॅटचे भाव आभाळाला भिडले. व्होर्कुतातल्या बहुतेक खाणी एकेक बंद पडल्या, लोकसंख्या 1989 च्या निम्म्यावर आली आणि तिथले फ्लॅट आता मातीमोलानं विकायला निघतात.

उत्पन्नातली दरी मोजणारा गिनी गुणांक (0 म्हणजे सगळ्यांना सारखं, 1 म्हणजे सगळं एकाच्याच खिशात) सरकारी आकडेवारीनुसार 1991 मध्ये 0.26 होता, 1994 मध्ये 0.41 झाला. यात घरांची किंमत धरलेलीच नाही.

शिक्षणात सुधारणा झाली, आणि ती चांगलीच होती असं माझं मत आहे. पूर्वी प्रत्येक विद्यापीठाची प्रवेश परीक्षा वेगळी असे; तिथल्याच प्राध्यापकाची खासगी शिकवणी लावणं हा राजमार्ग, लाचेची कुजबुज वेगळीच. 2009 पासून देशभर एकच परीक्षा सक्तीची झाली आणि लहान गावांतली मुलं मोठ्या शहरांत जास्त संख्येनं शिकायला जाऊ लागली.

पण पदवीनंतर काय? सोव्हिएत पदवीधराला सरकार सांगेल तिथे तीन वर्षं नोकरी करावी लागे. ती सक्तीच, पण कामाची चिंता नसे. आज मॉस्कोकर तरुण आजीच्या फ्लॅटमध्ये बिनभाड्यानं राहतो, बिनपगारी उमेदवारी करू शकतो, पसंत नसलेली नोकरी नाकारू शकतो. बाहेरून आलेल्याचा पगार भाड्यात जातो, आणि गावाकडचं घर विकून इथे एक खोलीही येत नाही.

संधींची विषमता मोजताना पालकांचं शिक्षण आणि व्यवसाय विचारण्याचा रिवाज आहे. त्या तक्त्यात मॉस्कोतल्या शिक्षिकेचा मुलगा आणि व्होर्कुतातल्या शिक्षिकेचा मुलगा एकाच रकान्यात बसतात.