देहप्रकृती (आयुर्वेद)

वात, पित्त आणि कफ या तीन दोषांच्या जन्मजात कमीअधिक प्रमाणामुळे माणसाला लाभलेली शरीराची आणि स्वभावाची ठेवण म्हणजे देहप्रकृती. आयुर्वेदाच्या मते ती जन्माआधी, गर्भातच ठरते. शुक्र व शोणित (पुरुषबीज व स्त्रीबीज) यांच्या संयोगाच्या वेळी जो दोष प्रबळ असेल, त्याची प्रकृती होते, असे सुश्रुतसंहिता या सुश्रुताच्या प्राचीन ग्रंथात म्हटले आहे. चरकाचा तितकाच मान्य ग्रंथ चरकसंहिता त्यात काळ व गर्भाशयाची स्थिती, गरोदर स्त्रीचा आहारविहार आणि पंचमहाभूतांचे विकार यांचीही भर घालते. एकेका दोषाच्या तीन, दोन-दोन दोषांच्या तीन आणि तिन्ही दोष सारखे असलेली सम, अशा एकूण सात प्रकृती मानल्या आहेत. निखळ एकाच दोषाची प्रकृती व्यवहारात क्वचित भेटते. वातपित्त, पित्तकफ अशा जोडप्रकृतीच बहुतेकांच्या वाट्याला येतात.

प्रकृतीची लक्षणे सांगण्याची चरकाची पद्धत लक्षात घेण्याजोगी आहे. चरकसंहितेच्या विमानस्थान या विभागातील आठव्या अध्यायात तो आधी दोषाचे गुण मोजतो आणि मग प्रत्येक गुणापासून शरीरात काय उतरते ते सांगतो. वायू रूक्ष, म्हणून त्या माणसाची त्वचा व आवाज कोरडा आणि झोप कमी. वायू चल, म्हणून डोळे, भुवया, हातपाय सतत हलते. तो शीघ्र, म्हणून असा माणूस चटकन कामाला लागतो, चटकन घाबरतो, ऐकलेले लगेच उचलतो आणि तितक्याच लवकर विसरतो. चालताना सांधे वाजतात, हेही त्याच यादीत आहे. पित्त उष्ण असल्याने ऊन सोसत नाही, भूक-तहान जोरात लागते, अंगावर तीळ-वांग येतात, केस लवकर पिकतात किंवा गळतात. कफप्रकृतीचा माणूस भरल्या अंगाचा, सावकाश सुरुवात करणारा आणि हाती घेतलेले धरून ठेवणारा. त्याला भूक, तहान, घाम सारेच बेताचे. अशा लोकांना बळ, विद्या आणि दीर्घायुष्य लाभते असे सांगताना चरकाने संपत्तीही जोडली आहे. वाताच्या माणसाला मात्र आयुष्य, अपत्ये आणि पैसा तिन्ही कमी! नंतरचा ग्रंथकार वाग्भट यानेही वातप्रकृती हीन, पित्तप्रकृती मध्यम आणि कफप्रकृती उत्तम अशी उतरंड लावली. सम प्रकृती त्याच्या लेखी सर्वांत श्रेष्ठ, तर द्विदोषज प्रकृती निंद्य. स्वप्नांवरूनही तो प्रकृती ओळखतो: वाताचा माणूस स्वप्नात आकाशातून फिरतो, पित्ताच्या माणसाला अग्नी आणि वीज दिसते, कफाच्या माणसाला कमळांनी भरलेली तळी.

प्रकृती ही आरोग्याची अवस्था की आजाराकडचा कल, याविषयी मूळ ग्रंथांतच एकमत नाही. सुश्रुताच्या मते विषात जन्मलेला किडा जसा विषाने मरत नाही, तशी स्वतःची प्रकृती माणसाला बाधत नाही. ती वाढत नाही, घटत नाही, बदलतही नाही. बदललीच तर ते मरण जवळ आल्याचे लक्षण. चरकाचा सूर वेगळा आहे. सूत्रस्थान या विभागात तो समप्रकृतीच्या लोकांनाच निरोगी म्हणतो. वातल, पित्तल, श्लेष्मल (वात, पित्त किंवा कफ वाढलेले) हे त्याच्या लेखी ‘सदातुर’, म्हणजे नेहमीचे आजारी. विमानस्थानाच्या सहाव्या अध्यायात तर यावर वादच घातला आहे. काहींचे म्हणणे असे, की माणसे नेहमी विषम आहार घेतात, तेव्हा समदोष माणूस असूच शकत नाही. चरक हे खोडून काढतो आणि उलट विचारतो: एखादा दोष वाढलेलाच असेल तर त्या स्थितीला ‘प्रकृती’ म्हणायचे कसे? म्हणून वातप्रकृती, पित्तप्रकृती असे काही नसतेच. असतात ते वातल, पित्तल लोक, आणि ते मुळात प्रकृतिस्थ नाहीत. आज ‘तुमची प्रकृती ओळखा’ असे सांगणारी पत्रके सुश्रुताप्रमाणे प्रकृतीला कायमची ओळख मानतात आणि खाली दिलेला आहार मात्र चरकाच्या भूमिकेतून सुचवतात. या विसंगतीची दखल फारसे कुणी घेत नाही.

त्या आहाराचे सूत्र थोडक्यात असे: ज्या दोषाकडे कल, त्याच्या विरुद्ध गुणांची राहणी, समप्रकृतीच्या माणसाला सर्व रस, म्हणजे चवी, सारखे. वातासाठी गोड, आंबट, खारट चवी, ऊन व स्निग्ध अन्न आणि तेलाचे अभ्यंग, म्हणजे मालिश. पित्तासाठी गोड, कडू, तुरट. कफासाठी तिखट, कडू, तुरट आणि व्यायाम. वातावर तेल, पित्तावर तूप आणि कफावर मध ही वाग्भटाने ठरवलेली जोडी; शरीर शुद्ध करण्याच्या शोधनकर्मांत अनुक्रमे बस्ती (एनिमा), विरेचन (जुलाब) आणि वमन (उलटी). मात्र चवींच्या या नियमालाही अपवाद आहेत. आंबट पित्त वाढवते, पण डाळिंब आणि आवळा सोडून, असे चरकच सांगतो.

पथ्य ऋतूप्रमाणेही बदलते. वात ग्रीष्मात साठतो व पावसाळ्यात उसळतो, पित्त पावसाळ्यात साठून शरदात, कफ थंडीत साठून वसंतात. वयाचाही हिशेब आहे: बालपण कफाचे, तारुण्य पित्ताचे, म्हातारपण वाताचे. त्यामुळे पित्तप्रकृतीच्या सत्तरीतल्या आजोबांना ऐन पावसाळ्यात वाताचे पथ्य सांगितले गेले तर त्यात वैद्याची चूक नसते.

मराठी घरांत दोषांची भाषा रोजचीच आहे. वाटाणा, हरभरा वातूळ, कुणाचा कोठा जड, कुणाचा हलका. पण ‘पित्त झालंय’ या तक्रारीचा अर्थ पित्तप्रकृती असा होत नाही. जळजळ, आंबट ढेकर ही त्या वेळची विकृती. ती कफप्रकृतीच्या माणसालाही होते. अंगावर उठणाऱ्या ज्या गांधींवर आमसूल चोळतात, त्यांना आपण पित्तच म्हणतो, पण माधवनिदान या रोगनिदानाच्या जुन्या ग्रंथात थंड वाऱ्याने बिघडलेले कफ आणि वात पित्ताला जाऊन मिळतात, असे त्यांचे कारण दिले आहे. म्हणूनच चरकाच्या दशविध, म्हणजे दहा बाबींच्या, परीक्षेत प्रकृती आणि विकृती वेगवेगळ्या तपासायच्या असतात, आणि त्यांच्याबरोबर सार (धातूंचा कस), सात्म्य (अंगवळणी पडलेले अन्न), सत्त्व (मनोबल), पचनशक्ती, वय वगैरे उरलेल्या आठ बाबीही.

प्रकृतीचा आधुनिक अभ्यास जनुकांच्या अंगाने झाला आहे आणि त्यात पुण्याचा वाटा मोठा आहे. पुणे विद्यापीठातील भूषण पटवर्धन व सहकाऱ्यांनी 2005 मध्ये प्रकृती आणि प्रतिकारशक्तीशी निगडित एचएलए जनुकांतील फरक यांचा संबंध मांडला. पुढे औषधांच्या चयापचयातील एका जनुकाबाबतही असे काम झाले. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी व रेणवीय जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेच्या पुढाकाराने 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 3,416 जणांची प्रकृती तपासून ठळक एकदोषी प्रकृतीचे 262 पुरुष निवडले होते. त्यात पीजीएम1 या जनुकाचा पित्तप्रकृतीशी संबंध दिसला. हे निष्कर्ष लक्षवेधी असले तरी नमुने लहान आहेत. त्यांतून तीन दोषांचे अस्तित्व सिद्ध होत नाही, आणि प्रकृतीनुसार आहार घेतल्याने रोग टळतात हेही नाही.

मुळात प्रकृती ठरवण्यातच अडचण आहे. एकाच व्यक्तीला तपासणाऱ्या वेगवेगळ्या वैद्यांचे निदान पुरेसे जुळत नाही, असे चाचण्यांत आढळले आहे. त्यावर उपाय म्हणून केंद्रीय आयुर्वेदीय विज्ञान संशोधन परिषदेने प्रमाणित प्रश्नावली तयार केली. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेने ‘आयुसॉफ्ट’ ही संगणकप्रणाली बनवली. आयुष मंत्रालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये ‘देश का प्रकृति परीक्षण’ अभियान सुरू केले. मोबाइल अ‍ॅपच्या आधारे चाललेल्या या मोहिमेत एक कोटीहून अधिक लोकांची नोंद झाली आणि फेब्रुवारी 2025 मध्ये मुंबईत तिचा समारोप झाला. अशा प्रश्नावलीत झोप, भूक, शौच यांविषयीची उत्तरे माणूस बहुधा सध्याच्या अनुभवावरून देतो. त्यामुळे जन्मजात ठेवण कोणती आणि गेल्या काही महिन्यांतला बिघाड कोणता, हे वेगळे काढायला समोर बसून विचारपूस करणारा वैद्य अजून तरी लागतो.