शुश्रूषागृहातील मनुष्यबळ

शुश्रूषागृहातील मनुष्यबळ : उठणे-बसणे, अंघोळ, जेवण, शौच यांसाठी ज्यांना दुसऱ्याचा हात लागतो आणि ज्यांना रोजची वैद्यकीय देखभालही हवी असते, अशा माणसांच्या दीर्घ मुदतीच्या निवासी संस्थेला शुश्रूषागृह म्हणतात. तेथे किती कर्मचारी असावेत, त्यांचे शिक्षण काय असावे आणि दिवसाच्या कोणत्या वेळी कोण हजर असावे, हे ठरवणारे नियम व प्रघात हा या नोंदीचा विषय आहे. मराठीत ‘नर्सिंग होम’ म्हटले की छोटे खाजगी रुग्णालय डोळ्यांसमोर येते. तो अर्थ येथे नाही. रुग्णालयातून माणूस बरा होऊन घरी जातो. शुश्रूषागृह हे बहुतेकांचे घरच असते, म्हणून तेथील माणसांना रुग्ण न म्हणता रहिवासी म्हणतात.

कर्मचाऱ्यांत तीन थर बहुतेक ठिकाणी आढळतात. नोंदणीकृत परिचारिका रहिवाशाच्या प्रकृतीचा अंदाज घेते, शुश्रूषेची आखणी करते, बिघाड ओळखते आणि डॉक्टरांशी बोलते. कमी मुदतीचे शिक्षण झालेली साहाय्यक परिचारिका औषधे देणे, ड्रेसिंग यांसारखी कामे पाहते. तिसरा थर काळजीवाहकांचा. रहिवाशाच्या अंगाला दिवसभर ज्यांचे हात लागतात ते हेच, आणि पगार व प्रशिक्षण सर्वांत कमी तेही यांनाच. अमेरिकेत केंद्रीय नियमानुसार काळजीवाहकाला किमान ७५ तासांचे प्रशिक्षण पुरते. त्यातले १६ तास देखरेखीखालचे प्रत्यक्ष काम असावे लागते. गिळण्याचा त्रास असलेल्या, स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाची जबाबदारी घेण्यासाठी ही तयारी फारच तोकडी आहे. यांखेरीज व्यवस्थापक, परिचर्या प्रमुख, डॉक्टर, आहारतज्ज्ञ, भौतिकोपचारतज्ज्ञ, समाजसेवक, स्वयंपाक आणि सफाईचे लोक लागतात. अमेरिकेत १२० पेक्षा जास्त खाटांच्या संस्थेला पूर्णवेळ समाजसेवक नेमावाच लागतो.

मनुष्यबळ मोजण्याच्या दोन रीती आहेत. एक म्हणजे रहिवासी आणि कर्मचारी यांचे गुणोत्तर. दुसरी, प्रत्येक रहिवाशाच्या वाट्याला दिवसाकाठी येणारा शुश्रूषेचा वेळ. दुसरी अधिक प्रामाणिक, कारण पटावरची नावे मोजणे सोपे असले तरी ती सगळी माणसे एकाच दिवशी हजर नसतात. समजा, ६० रहिवासी आहेत आणि प्रत्येकाला रोज साडेतीन तास द्यायचे आहेत. रोजचे २१० तास झाले, म्हणजे आठ तासांच्या सुमारे २६ पाळ्या. साप्ताहिक सुट्या, रजा, आजारपण आणि प्रशिक्षणाचे दिवस वजा जाता एक माणूस वर्षात २२० दिवस कामावर येतो असे धरले, तर या २६ पाळ्या वर्षभर भरायला ४३ माणसे नोकरीवर हवीत. २६ जागा मंजूर करून तेवढीच माणसे घेणाऱ्या संस्थेत पहिल्याच आठवड्यात कोणाला तरी दुहेरी ड्यूटी करावी लागते.

खरी कसोटी रात्रपाळीची. वरच्या संस्थेत २६ पैकी पाच जण रात्री आहेत असे धरू : एक परिचारिका, चार काळजीवाहक. अंथरुणाला खिळलेल्या १२ रहिवाशांची कूस दर दोन तासांनी बदलायची आहे, नाहीतर माकडहाड, टाच, खुबा अशा हाडाच्या जागी कातडी काळवंडते आणि शय्याव्रण होतो. एका रात्रीत हे काम ४८ वेळा येते. दर वेळी दोघे लागतात : एकाने खांदा व कंबर धरून वळवायचे, दुसऱ्याने पाठीमागे उशी सरकवायची, ओले झालेले काढायचे, कातडी पाहायची. पाच मिनिटे धरली तरी दोघांचे मिळून ४८० मिनिटे होतात. एका माणसाची अख्खी रात्र यातच गेली. उरलेल्या तिघांवर घंटा वाजवणारे, उठून चालू लागणारे, धाप लागलेले आणि भीतीने हाका मारणारे सगळे. म्हणून दिवसाची सरासरी चांगली दिसली तरी रात्रीचा आकडा वेगळा मागितला पाहिजे.

जेवणाच्या वेळीही हेच घडते. गिळायला त्रास असलेल्या माणसाला ताठ बसवून, अर्धा चमचा घास देऊन, तो घास गळ्याखाली उतरल्याची वाट पाहायची, मगच पुढचा घास द्यायचा. या कामाला अर्धा तास सहज लागतो. एकाच काळजीवाहकाकडे असे चौघे आले की चमचा घाईने फिरतो, अन्न श्वासनलिकेत जाते आणि त्यातून न्यूमोनिया होतो. किंवा अर्धे ताट तसेच परत जाते आणि महिन्याभरात वजन उतरते. कागदावर हे ‘भूक मंदावली’ म्हणून नोंदले जाते.

देशोदेशीचे नियम कडकपणात बरेच वेगळे आहेत. अमेरिकेत १९८७ च्या सुधारणा कायद्याने परवानाधारक (नोंदणीकृत किंवा साहाय्यक) परिचारिका चोवीस तास आणि नोंदणीकृत परिचारिका आठवड्याचे सातही दिवस सलग आठ तास असणे बंधनकारक केले; एकूण वेळेबाबत मात्र ‘पुरेसे कर्मचारी’ एवढेच म्हटले. २००१ मध्ये अमेरिकी संसदेला सादर झालेल्या अभ्यासात दीर्घकाळ राहणाऱ्यांसाठी रोज ४.१ तासांचा उंबरठा मांडला गेला. २०२४ मध्ये ३.४८ तासांचा आणि चोवीस तास नोंदणीकृत परिचारिकेचा नियम आला, पण एप्रिल २०२५ मध्ये टेक्सासमधील केंद्रीय न्यायालयाने त्यातील मुख्य तरतुदी रद्द केल्या आणि जुलैमध्ये संसदेने अंमलबजावणी २०३४ पर्यंत रोखली. माणसे मिळत नाहीत हा संस्थाचालकांचा युक्तिवाद निराधार नव्हता. पण माणसे का टिकत नाहीत, या प्रश्नाचे उत्तर त्यात नाही.

ऑस्ट्रेलिया उलट दिशेने गेला. वृद्धसेवेविषयीच्या राजआयोगाने (सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाने) २०२१ मध्ये अंतिम अहवाल दिल्यावर १ जुलै २०२३ पासून चोवीस तास नोंदणीकृत परिचारिका आणि त्याच ऑक्टोबरपासून प्रत्येकी रोज सरासरी २०० मिनिटे शुश्रूषा सक्तीची झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये ती २१५ मिनिटे झाली, त्यांतील ४४ नोंदणीकृत परिचारिकेची. जपानमध्ये तीन रहिवाशांमागे पूर्णवेळ हिशेबाने एक परिचारिका किंवा काळजीवाहक असा नियम आहे.

जर्मनीचा अनुभव विशेष लक्षात घेण्यासारखा आहे. १९९३ च्या अधिनियमाने निम्मे शुश्रूषा कर्मचारी पूर्ण प्रशिक्षित हवेत आणि रात्रीही त्यांपैकी किमान एक जण हजर हवा, असे ठरवले. कोणाची प्रकृती किती खालावली आहे याचा या निम्म्याच्या हिशेबाशी संबंध नव्हता. जुलै २०२३ पासून तेथे रहिवाशांच्या परावलंबनाच्या श्रेणीवरून किती आणि कोणत्या शिक्षणाचे कर्मचारी ठेवता येतील हे काढतात. स्वतः चालणाऱ्या दहा जणांची संस्था आणि नळीने अन्न घेणाऱ्या दहा जणांची संस्था यांना एकच आकडा लावणे चूक होते.

नियम पाळला जातो का, हे पाहण्याची पद्धतही महत्त्वाची आहे. अमेरिकेत पूर्वी संस्थाच तपासणीच्या वेळी मोजक्या दिवसांचे आकडे लिहून देत. २०१६ पासून वेतनपत्रकावरून रोजचे तास कळवणे सक्तीचे झाले आणि शनिवार-रविवारी हजेरी किती घसरते ते उघड झाले. २०२२ पासून संस्थांच्या मानांकनात सुटीच्या दिवसांची हजेरी आणि नोकरी सोडणाऱ्यांचे प्रमाणही धरतात. हा दुसरा निकष फार मोलाचा वाटतो. एजन्सीकडून रोज नवा माणूस आला तरी तास भरतात, पण कोणते आजोबा डाव्या कुशीवर झोपू शकत नाहीत, कोणत्या आजी दुखत असताना बोलत नाहीत, फक्त चादरीचे टोक मुठीत धरतात, हे त्याला ठाऊक नसते. यासाठी ठरावीक काळजीवाहकाकडे ठरावीक रहिवासी देण्याची पद्धत काही संस्था पाळतात. पाळी बदलताना दोन्ही पाळ्यांची माणसे पंधरा मिनिटे एकत्र असतील असे वेळापत्रक त्या आखतात आणि त्या पंधरा मिनिटांचाही पगार देतात.