लांब डबा, आखूड वळण आणि मधली भूमिती

मॉडेल रेल्वेत मालगाडीचे आखूड डबे ज्या वळणावरून सरसर जातात, तिथेच प्रवासी डबे जोडले की दुसऱ्या फेरीला गाडी रुळावरून खाली. मग आपण चाकं तपासतो, रूळ पुसतो, पण बरेचदा दोष तिथे नसतोच. डबा सरळ आहे आणि रूळ वाकडा आहे, सगळं तिथूनच सुरू होतं.

एचओ स्केल म्हणजे 1:87, खऱ्याच्या 87 व्या भागाएवढं मॉडेल. खरा 85 फुटी डबा त्यात साधारण 298 मिमी होतो. नेहमीचं आखूड वळण 457 मिमी त्रिज्येचं, म्हणजे खऱ्या जगातलं जेमतेम 40 मीटर, आणि खरा डबा तिथे वळूच शकत नाही. मॉडेल वळतं कारण खालच्या बोगी (बोगी म्हणजे इथे अख्खा डबा नाही, डब्याखालची चार चाकांची फिरती जोडणी) आपण खऱ्यापेक्षा खूप जास्त फिरू देतो.

शाळेतली वर्तुळाची जीवा आठवा. दोन बोगी वर्तुळावर असतात, त्यामुळे डब्याचा मधला भाग आत सरकतो आणि दोन्ही टोकं बाहेर जातात. किती, तर बोगींमधल्या अंतराचा वर्ग भागिले आठ पट त्रिज्या. अंतर 208 मिमी धरलं तर 457 च्या वळणावर मध्य जवळजवळ 12 मिमी आत येतो, 762 च्या वळणावर फक्त 7. टोकंही साधारण तेवढीच बाहेर जातात. डब्याच्या मधोमध आणि टोकाला पेन्सिल चिकटवून खाली कागद पसरा आणि हाताने हळू फिरवा, या रेघा बघितल्या की शेजारचा रूळ, सिग्नलचा खांब किती अंतरावर हवा ते लगेच कळतं.

आता खरी गोची. डावं वळण संपलं की लगेच उजवं, असा एस आला की एका डब्याचं टोक 12 मिमी इकडे आणि पुढच्याचं 12 मिमी तिकडे, म्हणजे 35 मिमी रुंद डब्यांमध्ये 25 मिमीचा फरक. कपलर (दोन डबे जोडणारा आकडा) डब्याला पक्का बसवलेला असेल तर तो एवढा फिरतच नाही आणि हलका डबा उचलून बाजूला ढकलतो. कपलर बोगीवर असेल तर तो रुळाबरोबर फिरतो, ओढताना छान चालतं, पण गाडी मागे ढकलली की तोच जोर बोगीला तिरकी करतो. म्हणून मी तरी कपलर डब्यालाच ठेवतो, त्याला आडवं फिरायला जास्त जागा करतो आणि दोन वळणांमध्ये निदान एका डब्याएवढा सरळ रूळ घालतो. युरोपियन मॉडेलमधली वळणावर आपोआप लांब होणारी जोडणी हाच प्रश्न फार सुंदर सोडवते.

माझा एक डबा नेहमी उजव्याच वळणावर पडायचा. उलटा करून बोगी बोटाने फिरवली तर चाकाची फ्लँज (रुळाच्या आत उतरणारी उंच कड) डब्याच्या पायरीच्या आतल्या कडेला घासत होती, तिथे रंग उडून बारीक चकचकीत रेघ पडलेली. पायरीची ती कड अर्धा मिलिमीटर कानशीने घासली, आणि 200 ग्रॅमच्या आसपास वजन होईल एवढं शिसं तळाशी ठेवलं, कारण हलका डबा लांब गाडीत आतल्या बाजूला ओढला जातो.

नवीन वळण आखताना त्रिज्या डब्याच्या लांबीच्या तिप्पट तरी धरा, म्हणजे 900 मिमीच्या आसपास. जागाच नसेल तर फक्त लांबी 1:100 ला आणलेले 264 मिमीचे युरोपियन डबे घ्या, ते आखूड वळणांसाठीच मुद्दाम छोटे केलेले असतात.