गणपती, गोळी आणि काचपट्टी

गणपती जवळ आले की लालबाग-परळच्या औषध दुकानांत एक गोळी हमखास मागितली जाते, पाळी पुढे ढकलायची. तिच्यात असतं नॉरएथिस्टेरॉन, म्हणजे कृत्रिम प्रोजेस्टेरॉन. ती घेणारी बाई पॅप स्मिअरला, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशी काचपट्टीवर पसरून कर्करोगाची चाहूल शोधणाऱ्या तपासणीला आली, तर ‘औषधे चालू?’ या रकान्यात बिनधास्त ‘नाही’ लिहिते. पूजेसाठी घेतलेली गोळी म्हणजे काय औषध? काचपट्टी मात्र चुगली करते.

गर्भाशयमुखाचं बाहेरचं अस्तर थरांचं असतं. तळाशी लहान, गोल पेशी जन्मतात आणि वर सरकताना पसरट होतात. इस्ट्रोजेन भरपूर असलं तर त्या अगदी वरच्या थरापर्यंत पिकतात: मोठ्या, पातळ, सुट्या, काचेवर रंगवल्यावर बहुतेक गुलाबी, केंद्रक आक्रसून नुसता ठिपका. प्रोजेस्टेरॉन त्यांना मधल्या थरावरच अडवतं. मग दिसतात निळ्या-हिरव्या पेशी, कडा दुमडलेल्या, तळताना मुडपलेल्या पापडासारख्या, एकमेकींना बिलगलेल्या. त्यांच्यातल्या ग्लायकोजेनवर लॅक्टोबॅसिलस जिवाणू ताव मारतात, पेशी फुटतात आणि उघडी केंद्रकं विखुरतात. नवख्याला वाटतं, स्मिअर बिघडली.

तशी ही तपासणी जन्मली हार्मोनच्याच अभ्यासातून. ज्यांच्या नावावरून ‘पॅप’ आलं ते शास्त्रज्ञ पापानिकोलाउ 1917 साली गिनी पिगच्या योनीतल्या पेशींवरून त्यांचं ऋतुचक्र ओळखत होते; कर्करोग नंतर आला.

रोजच्या गर्भनिरोधक गोळीत बहुधा दोन्ही हार्मोन असतात, पण काचेवर छाप प्रोजेस्टेरॉनची जास्त. तीन महिन्यांचं गर्भनिरोधक इंजेक्शन, सरकारी दवाखान्यातलं ‘अंतरा’, बरेच दिवस चाललं तर इस्ट्रोजेन उतरतं आणि कधी कधी तळाच्या गोल पेशीच वर दिसू लागतात, रजोनिवृत्तीनंतर दिसतात तशा. आकाराच्या मानाने त्यांचं केंद्रक मोठं, म्हणून पाहणारा दचकतो.

अशा वेळी मोजपट्टी लागते. मधल्या थरातल्या पेशीचं केंद्रक साधारण 35 चौरस मायक्रॉन. संशयित पेशीचं त्याच्या अडीच-तीन पट भरलं, तर प्रकरण पुढे जातं. हार्मोन गर्दीतली माणसं बदलतं, म्हणजे कुठल्या थरातल्या पेशी जास्त दिसतील ते. केंद्रक काळंकुट्ट, ओबडधोबड करणं हे त्याचं काम नव्हे, तिथे एचपीव्ही, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागचा विषाणू, शोधायचा. रजोनिवृत्तीनंतरच्या स्मिअरमध्ये शंका राहिली तर डॉक्टर काही दिवस इस्ट्रोजेनचं मलम देऊन पुन्हा नमुना घेतात. पेशी नीट पिकलेल्या आल्या तर शंका मिटते.

आता मी ‘औषधं चालू आहेत का’ असं विचारतच नाही. ‘ताई, गणपतीसाठी गोळी घेतलीत का?’ म्हटलं की ताई हसतात, आणि रकाना भरतो.